गच्चीवरची येळवस

रिटायर झाल्यापासून आबासाहेबांची दुपारची झोप ही हैदराबादच्या बरकतपुऱ्यातली एक प्रतिष्ठित संस्था होती. तिच्या कामकाजाच्या वेळेत कुरियरवाला बेल वाजवत नसे, समोरचा इस्त्रीवाला रेडिओचा आवाज कमी करी, आणि सावित्रीबाई भांडी अशी ठेवत, जणू ती काचेचीच आहेत. ही संस्था डिसेंबरात बंद पडली. कारण गच्चीवर होतं आणि ते ज्वारीचं होतं.

ज्वारी सुनेची होती. मृण्मयी मूळची पुण्याची, शिक्षणानं पीकशास्त्रज्ञ. पिकं पाणी कशी पितात आणि खत कसं खातात, हा तिचा अभ्यास. लग्न ठरलं तेव्हा आबासाहेबांनी तिला विचारलं होतं, "पिणार कसं? मुळानं पिणार. त्यात एवढी वर्षं शिकायचं काय?" त्यावर ती नुसती हसली होती. आपल्या प्रश्नाला उत्तर सुचत नाही अशी माणसं आबासाहेबांना पहिल्यापासून आवडत.

तिची संशोधन संस्था शहराबाहेर होती. तिथे पिकांना उद्याची उष्णता आजच देणारी एक गरम खोली होती. ती खोली बंद पडून बरेच दिवस झाले होते आणि तिच्या दुरुस्तीची फाइल थंडगार पडून होती. एकदा मृण्मयीनं सहज म्हणून सासऱ्यांच्या गच्चीवर तापमापक टांगला आणि आकडे बघून दोनदा चष्मा पुसला. सिमेंटच्या घरांच्या गर्दीत ही गच्ची दिवसा तर तापायचीच, पण सूर्य मावळला तरी निवायचं नाव घेत नव्हती. संस्थेतली मंडळी ज्या तापलेल्या भविष्याची आकडेमोड करत बसली होती, ते भविष्य बरकतपुऱ्यात आधीच येऊन गच्चीवर बिनभाड्यानं राहत होतं.

मग जहीराबादकडून काळ्या मातीचा टेम्पो आला. रंगाच्या मोठमोठ्या बादल्या आल्या. त्यात माती भरली गेली आणि रब्बीची ज्वारी पेरली गेली. मातीवर पांढऱ्या प्लास्टिक मण्यांचा थर आला. शेजारच्या गच्चीवरच्या पद्मावतीअम्मांना तो साबुदाणा वाटला. मणी कशाला, तर मातीतलं पाणी परस्पर उडू नये. जे जाईल ते पानातूनच जावं, म्हणजे बादलीचं वजन कमी झालं की झाड तेवढं प्यायलं असं समजायचं.

बादल्यांची चार घरं केली होती. एका घराला खत आणि पाणी दोन्ही. दुसऱ्याला खत आहे, पाणी बंद. तिसऱ्याला पाणी आहे, खत नाही. चौथ्याला दोन्ही नाही. ते घर आबासाहेबांना बघवत नसे.

"बाबा, ज्याला भरपूर खत मिळतं ना," मृण्मयीनं समजावलं होतं, "त्याची पानं रुंद होतात. पान रुंद म्हणजे पाणी जास्त उडणार. ते झाड मातीतलं पाणी आधीच पिऊन बसतं, आणि दाणे भरायची वेळ येते तेव्हा घसा कोरडा."

"म्हणजे आपला हिम्मतराव," आबासाहेब म्हणाले. हिम्मतराव हे त्यांचे चुलतभाऊ. त्यांनी कुकटपल्लीत चार मजले चढवले, दर मजल्यावर दोन दोन न्हाणीघरं केली, आणि आता दर होळीपासून ते टँकरच्या मागे पळत असतात.

"आणि ज्याला खत कमी, ते लहानच राहतं. घोट घोट पितं. शेवटी पाणी उरतं, पण दाणा भरायला अंगात ताकद नसते."

"म्हणजे मी."

"मला मधलं शोधायचंय बाबा. उष्णता अशीच वाढत गेली तर पिकाला किती खाऊ घालावं, म्हणजे पाणी दाण्यापर्यंत पुरेल." मग ती जरा थांबली होती. "रब्बी वर्षातून एकदाच येते. हे फिसकटलं तर वर्ष गेलं. आणि संस्थेतलं माझं कंत्राट मार्चमध्ये संपतंय. दाखवायला काही नसलं तर ते काही वाढवणार नाहीत. मग मला पुण्यात एका ठिकाणी विचारलंय..."

पुढचं वाक्य तिनं पूर्ण केलं नाही, पण आबासाहेबांनी ते मनात पूर्ण केलं. सून पुण्याला जाणार, म्हणजे लेक कौस्तुभही जाणार. त्याचं काम काय, लॅपटॉप उघडेल तिथे सुरू होतं. मग एवढ्या घरात उरणार ते स्वतः, सावित्रीबाई आणि भांडी.

म्हणूनच रोज सकाळी बादल्यांचं वजन करायचं काम तिनं त्यांच्याकडे सोपवलं, तेव्हा ते सद्गदित झाले. घरातली कामं त्यांच्या हातून एकेक करून सन्मानानं काढून घेण्यात आली होती. भाजी आणायचं काम जून काकड्यांवरून गेलं, बँकेचं काम पासवर्डवरून गेलं. आता तिकाटण्याला टांगलेला काटा होता, कप्पी होती, ते बादली वर ओढत, आकडा मोठ्यानं सांगत, आणि मृण्मयी तो फोनमध्ये टिपून घेई. ज्यांना पाणी होतं त्यांना ती मापानं देई. ज्यांना नव्हतं त्यांना आबासाहेब नजरेनंच धीर देत.

त्यांचा स्वतःचा शेतीतला अनुभव म्हणाल, तर हुरडा खाण्याचा दांडगा होता. उदगीरकडचं गाव त्यांनी लहानपणीच सोडलं, शिक्षण हैदराबादेत झालं, नोकरी विजेच्या ऑफिसात झाली, आणि गावची जमीन वाटण्या होत होत दुसऱ्यांकडे गेली. तरी आपण शेतकऱ्याच्या रक्ताचे आहोत हे ते विसरत नसत. ते रक्त कधी तपासून घ्यावं लागलं नव्हतं, इतकंच.

ते आता लागत होतं. डिसेंबर लागला तशी पाणी बंद असलेल्या झाडांची पानं भर उन्हात सुरळ्या होऊ लागली. जेवून आबासाहेब पलंगावर पडत, आणि डोळे मिटले की त्यांना सुरळ्या दिसत. ते उठत. "जरा बघून येतो," असं म्हणत वर जात. वर बघण्यासारखं तेच असे. खाली येत, पडत, पुन्हा उठत. गच्चीवर ते बाटलीतलं पाणीसुद्धा झाडांकडे पाठ करून पीत.

"अहो, ज्वारी आहे ती," सावित्रीबाई म्हणत. "तुमच्याकडे बघत नाही."

"तू एकदा दुपारची वर ये, मग बोल."

"मला भाकरीच्या रूपातली ज्वारी माहिती. तिला कधी तहान लागलेली बघितली नाही."

त्यात पद्मावतीअम्मांची भर. त्या कपडे वाळत घालता घालता कठड्यावरून वाकत. "एमंडी, आबासाहेब गारू! तुम्हारे झाडाँ सूख रहे! नीळ्ळु, पानी नै है क्या? हमारे मोटर से पाइप डालूं?"

"वद्दु, वद्दु अम्मा!" आबासाहेब दोन्ही हात हलवत नको नको करत. "इम्तिहान चल रहा है इनका."

"पानी बंद करके इम्तिहान? कैसे लोगाँ हैं जी तुम!"

आठवडाभरात गल्लीत बातमी झाली की आबासाहेबांनी झाडं पाळलीत आणि त्यांना पाणी देत नाहीत. इस्त्रीवाल्यानं कपडे देताना हळूच विचारलं, "साब, घर में सब ठीक है ना?" आबासाहेबांनी शास्त्र समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो ऐकून इस्त्रीवाल्याचा संशय आणखी बळावला.

अशात सावित्रीबाईंच्या डोक्यात येळवस आली.

उदगीरकडे मार्गशीर्षातल्या अमावस्येला गावात माणूस सापडत नाही. सगळे शेतात. कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, भज्जी, उंडे, खीर असं पोट फुटेस्तोवर जेवायचं. आणि अंबील. ताकात ज्वारीचं पीठ, लसूण, मीठ घालून केलेली आंबट, गार अंबील. ती प्यायची आणि डहाळीनं उभ्या पिकावर शिंपडायची, पिकाभोवती फेरे घालत, एक हाळी देत. त्या हाळीचा अर्थ कोणालाच येत नाही, म्हणून ती फार मोठ्यानं दिली जाते.

हैदराबादेत आल्यापासून उदगीरकडच्या या मंडळींना पीकच नव्हतं. गेल्या वर्षीची येळवस एका बागेत क्रोटनच्या वाफ्याभोवती झाली आणि माळ्यानं सगळ्यांना अंबिलीसकट बाहेर काढलं.

"अन् औंदा घरात ज्वारी उभी आहे," सावित्रीबाई म्हणाल्या. "उदगीर सोडल्यापासून पहिल्यांदा. आणि आपण काय करायचं, शेंगदाण्याची चटणी खाऊन गप बसायचं?"

मृण्मयी नाही म्हणाली नाही. तिला ते सगळं बघायचंच होतं, पण नेमकी त्या दिवशी संस्थेत बैठक होती. "जेवा, पूजा करा, काय हवं ते करा. फक्त बादल्यांना काही लागता कामा नये. आई, अंबिलीत ताक असतं, पीठ असतं. झाडाच्या दृष्टीनं ते पाणीही आहे आणि खतही आहे. माझ्या प्रयोगात नेमक्या त्याच दोन गोष्टी मोजायच्यात."

"थेंब पडणार नाही," आबासाहेब म्हणाले. "माझ्या जबाबदारीवर."

मृण्मयीनं त्यांच्याकडे एक क्षण बघितलं. जून काकड्यांच्या वेळीही हेच वाक्य आलं होतं. पण ती सुसंस्कृत घरातली होती. "तुम्ही आहात म्हणून काळजी नाही बाबा," असं म्हणून ती गेली.

अमावस्येला आबासाहेबांनी सकाळीच बादल्यांभोवती दोरी बांधली, दोरीवर सावित्रीबाईंच्या दोन जुन्या साड्या टाकल्या, आणि स्वतः छत्री घेऊन पहाऱ्याला उभे राहिले. छत्री कशासाठी हे त्यांना सांगता आलं नसतं. अकराच्या सुमारास मंडळी आली. गौलीगुड्याचे धान्याचे व्यापारी नामदेवराव, त्यांच्या पत्नी मंगलाताई, आणि काचीगुडा, नारायणगुडा इथली बरीच नात्यातली, बिननात्यातली माणसं. नामदेवरावांनी रिक्षातून कडबा आणला होता. सिमेंटच्या टाकीला टेकवून त्यांनी ऐटीत खोप उभी केली आणि मग साडीआडून डोकावून ज्वारी बघितली. बघता बघता त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"आबासाहेब, हे पीक आजारी आहे."

"आजारी नाही. तहानलंय."

"मग पाणी द्या की."

"द्यायचं नाही. तोच तर प्रयोग."

नामदेवरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "सूनबाईचं पुण्याकडचं शिक्षण," ते मंगलाताईंना म्हणाले. त्यात त्यांना सगळं उत्तर मिळालं.

जेवणं झाली. भज्जी अशी जमली होती की पद्मावतीअम्मांनीही कठड्यावरून दोनदा वाटी पुढे केली. मग शिंपडायची वेळ आली. घरातला वडीलधारा म्हणून अंबिलीचं मडकं आणि कडुलिंबाची डहाळी आबासाहेबांच्या हातात देण्यात आली. छत्री त्यांनी मंगलाताईंकडे दिली. फेरा सुरू झाला, हाळी उठली.

आबासाहेबांनी पहिल्यांदा टाकीवर शिंपडलं. मग खोपीवर. मग गल्लीच्या दिशेनं. त्यातलं बरंचसं पद्मावतीअम्मांच्या वाळत घातलेल्या चादरीवर गेलं.

"ही कसली येळवस?" नामदेवराव मागून ओरडले. "पीक कोरडं, अन् अंबील चादरीला!"

"शेतात उभं असल्यासारखं शिंपडा की हो!" मंगलाताईंनी छत्री उंचावली.

हाळी आणखी चढली. आबासाहेबांचे वडील ही हाळी देत तेव्हा धोतराचा सोगा कमरेला खोचत आणि लहानग्या आबाला खांद्यावर घेत. वरून ज्वारीचा रंग वेगळा दिसे. तो रंग गेल्या कित्येक वर्षांत आबासाहेबांना आठवला नव्हता. तो आत्ता आठवला, आणि त्याच वेळी उजवा हात आपण होऊन वळला. डहाळी साड्यांच्या वरून फिरली. पांढरे शिंतोडे तिसऱ्या घरावर आणि थोडे चौथ्या घरावर पडले.

मंडळी खूश झाली. आबासाहेब जागच्या जागी थिजले.

पाहुणे पांगले. सावित्रीबाई एक तांब्या अंबील घेऊन पद्मावतीअम्मांकडे चादरीची माफी मागायला गेल्या. आबासाहेब गच्चीवर एकटे उरले आणि येरझाऱ्या घालू लागले. साडी उचलून बघत. पानांवर पांढरे ठिपके होते, काही मण्यांवर होते. पुसावेत तर पान तुटायचं. तसेच ठेवावेत तर मृण्मयीचा प्रयोग? ते खोपीत जाऊन बसले, उठले, टाकीला एक फेरी मारली. वर्ष गेलं. मार्च गेला. पुण्याचं तिकीट त्यांना डोळ्यांपुढे दिसू लागलं.

आणि मग त्यांना शास्त्र आठवलं.

मृण्मयी कितीदा म्हणायची, बाबा, एकाला एक वागणूक आणि दुसऱ्याला दुसरी असं करायचं नाही. ज्या गोष्टीत फरक करायचाय ती सोडून बाकी सगळं सगळ्यांना सारखं. म्हणजे तुलना खरी ठरते. आबासाहेबांना आपल्या बुद्धीचं कौतुक वाटलं. अडचण अंबिलीची नव्हतीच. अडचण पक्षपाताची होती. काहींना मिळाली, काहींना नाही. मग सगळ्यांना दिली, की झालं.

सावित्रीबाईंनी अंबील नेहमीप्रमाणे अख्ख्या तालुक्याला पुरेल एवढी केली होती. आबासाहेबांनी ओगराळं घेतलं आणि प्रत्येक बादलीत काठोकाठ एक ओगराळं घातलं. मण्यांमधून ती सुरसुर करत खाली जाई, आणि तो आवाज ऐकताना महिन्याभरात पहिल्यांदा त्यांच्या छातीतली धडधड बसत गेली. शेवटची बादली पश्चिमेच्या कोपऱ्यात होती. तिथे दोन भिंतींची धग एकत्र यायची. तिथल्या ज्वारीचं एक पानही उघडं नव्हतं. आबासाहेबांनी तिला एक ओगराळं दिलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. आणि आणखी एक दिलं.

खाली येऊन ते पलंगावर पडले आणि दिवेलागणीपर्यंत घोरले.

सकाळी मृण्मयी काट्याजवळ आली ती थबकली. जिन्याच्या दारापासून बादल्यांपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. शिस्तीत, दुपदरी. मण्यांवर पिठाची पांढरी साय वाळली होती, आणि गच्चीला ताकाच्या दुकानासारखा वास येत होता. तहानलेल्या घरातली पानं ताठ उघडी होती.

"बाबा," ती म्हणाली, "हे काय?"

"सगळ्यांना सारखं दिलंय," आबासाहेब घाईनं म्हणाले. "पक्षपात नाही." मग त्यांनी शिंतोड्यांपासून ओगराळ्यापर्यंत सगळं सांगितलं. ती ऐकत ऐकत एका उपड्या बादलीवर बसली.

"आधी शिंतोडे उडाले होते फक्त?"

"हो."

"ते वाळून गेले असते बाबा. त्यांनी काहीसुद्धा झालं नसतं."

आबासाहेब पायानं मुंग्यांची रांग दुसरीकडे वळवू लागले.

तिनं फोन लावला, तो कठड्यावर ठेवला आणि आवाज मोठा केला. पलीकडे गौतम सर होते, तिचे वरिष्ठ, मूळचे उदगीरकडच्याच निलंग्याचे. तिनं एवढंच सांगितलं की बादल्यांत बाहेरून काहीतरी गेलंय, तहानेचे गट भिजलेत.

"पाऊस लिही," गौतम सर म्हणाले.

"सर, महिन्याभरात ढग नाहीत."

"म्हणून तर अवकाळी. अगं, सध्या अवकाळी म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. तुझ्यावर काही येणार नाही. ते गट वगळू, पुढच्या वर्षी पुन्हा बघू. कंत्राटाचं मी सांगेन वर, निसर्गापुढे कोणाचं चालतंय म्हणून. आणि खरं कारण लिहिलंस तर निष्काळजीपणा म्हणतील, ते तुलाच जड जाईल."

 मृण्मयीनं सासऱ्यांकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. ती हो म्हणणार, हे आबासाहेबांना दिसत होतं. ती त्यांना वाचवणार होती आणि पुढची सगळी वर्षं त्याबद्दल एक शब्दही काढणार नव्हती. चहा देईल, बाबा म्हणेल, आणि कप्पीची दोरी पुन्हा कधी त्यांच्या हातात देणार नाही. आबासाहेबांनी पुढे होऊन फोन उचलला आणि उलटा धरून ते बोलले.

"सर, पाऊस नाही. मी. आबासाहेब. मृण्मयीचा सासरा. काल येळवस होती, मी अंबील घातली."

फोनमधून खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. 

"अंबील?" गौतम सर म्हणाले. "लसूण घालून?"

"हो."

"किती घातली?"

"एकेक ओगराळं. सगळ्यांना. काठोकाठ."

"ओगराळं तेच? मधे बदललं नाही?"

"नाही, नाही. तेच."

"मृण्मयी!" सरांचा आवाज एकदम वर गेला. "हा पाऊस नव्हे गं. पाऊस किती पडला हे कोण सांगणार? हे मापून घातलंय. सगळ्यांना तेवढंच पाणी, तेवढंच नत्र. किती ते कळलं तर हिशेबात घेता येईल. नमुना आण त्या अंबिलीचा. कशात काय किती घातलंय ते विचार."

सावित्रीबाईंना वर बोलावण्यात आलं.

"आई, अंबिलीत ताक किती घातलं होतं?"

"लागेल तेवढं."

"आणि पीठ?"

"अंदाजानं."

"अंदाज म्हणजे साधारण?"

"साधारण म्हणजे अंदाजानं," सावित्रीबाई दुखावून म्हणाल्या. "आजवर कोणी विचारलं नाही. काही कमी झालं होतं का?"

उरलेली अंबील आबासाहेबांनी बादल्यांत संपवली होती. शिल्लक होता फक्त पद्मावतीअम्मांकडचा तांब्या. सावित्रीबाई कठड्याशी धावल्या. "अम्मा! ओ अम्मा! कल का अंबील मत पिओ, वो लॅब में जानेवाला है!"

पद्मावतीअम्मा हातात रिकामा पेला घेऊनच बाहेर आल्या. "आधा तो पी गई! क्या डाले थे उसमें?" त्यांनी पोटावर हात ठेवला. "कल झाडाँ, आज मैं?"

त्यांना समजावण्यात बराच वेळ गेला आणि त्या समजल्या नाहीत, पण उरलेला अर्धा तांब्या त्यांनी दोन बोटांत धरून परत दिला. मृण्मयीनं तो बाटलीत भरला, त्यावर चिठ्ठी लावली. तिच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. ती भराभर बोलत होती. तहानेचे दिवस थोडे पुढे ढकलावे लागतील, पाणी असलेल्या गटांचं आज तेवढं कमी करायचं, पिठातलं काय मुरतं ते पुन्हा बघावं लागेल. सर कंत्राटाबद्दल नक्की काही म्हणाले नव्हते. पण निदान दाखवायला काहीतरी उरेल.

"फक्त एकच गोष्ट पक्की हवी बाबा," ती काटा लावता लावता म्हणाली. "सगळ्यांना अगदी सारखंच ना? त्यावरच सगळं उभं आहे."

"हो," आबासाहेब म्हणाले.

त्यांनी पहिली बादली वर ओढली आणि आकडा सांगितला. दुसरी ओढली. तिसरीला दोरी हातातून सुटता सुटता राहिली. कपाळावर घाम आला होता आणि ऊन अजून चढलंही नव्हतं. मृण्मयी आकडे टिपताना पुटपुटत होती, बरोबर, हेही बरोबर, तेवढंच वाढलंय. तिचा आवाज जसजसा हलका होत गेला, तसतशी आबासाहेबांची कप्पी हळू फिरू लागली. त्यांनी बादली अर्ध्यावरच खाली ठेवली. कोपऱ्याकडे न बघता बोट दाखवलं.

"तिला दोन."

"काय?"

"त्या कोपऱ्यातलीला. दोन ओगराळी. बाकी सगळ्यांना एक, शप्पथ. पण तिला दोन."

मृण्मयीनं फोन खिशात टाकला. मग तिनं कोपऱ्यातली बादली कडेला धरून फरफटत बाहेर काढली, साड्यांच्या दोरीपलीकडे.

"ही बाद," ती म्हणाली. "एक गेली तर चालतं. आणखी कुठली?"

"नाही. देवाशप्पथ."

"वजनावरून कळेलच." मग ती काट्याकडे वळली. "आणि बाबा, उद्यापासून वर येताना ओगराळं खाली ठेवून या. चला, पुढची घ्या."

आबासाहेबांनी पुढची बादली हुकाला लावली. दोरी ओढता ओढता त्यांनी विचारलं, "मग तिचं आता काय करायचं? बाद झालेलीचं?"

"काही नाही. ती तुमची. हवं ते करा."

सगळी वजनं झाली, मृण्मयी बाटली घेऊन संस्थेत गेली, सावित्रीबाई मुंग्यांना हळद टाकून खाली गेल्या. आबासाहेबांनी बालदीभर पाणी आणलं आणि ते आपल्या ज्वारीपाशी उभे राहिले. मग मान वळवून बाकीच्यांकडे बघितलं. दुपार होत आली होती. तहानेच्या घरांतली पानं पुन्हा कडेनं वळायला लागली होती.

त्यांनी बालदी खाली ठेवली. वाकून आपली बादली दोन्ही हातांत धरली, आणि धापा टाकत, थांबत थांबत, ती पाण्याच्या टाकीच्या मागे नेली, बाकीच्यांना दिसणार नाही अशा बेतानं. मगच तिला पाणी घातलं.